चाव्यांची वही

आत्याने आयुष्यात एकच कुलूप फोडलं. तेही दिवसाढवळ्या, तीस-चाळीस माणसांसमोर, आणि कचेरीच्या कपाटाचं.

मी तिची भाची, आणि तिने सांभाळलेलं पहिलं पोर. बाळंतपणाची रजा संपवून माझी आई रुग्णालयात पुन्हा कामावर जायला निघाली, तेव्हा मला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. आत्या म्हणाली, "दे माझ्याकडे." महिन्याभरात आईच्या वॉर्डातल्या आणखी दोघींनी आपली बाळं आणून सोडली. मी बोलायला लागले आणि तिला आत्या म्हणू लागले, म्हणून ती दोघंही म्हणू लागली. मग त्यांच्या आया, मग गल्लीतला दुकानदार, मग पोस्टमन. पुढे नगरपालिकेने रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत पाळणाघर काढलं आणि सेविका म्हणून तिलाच घेतलं. पगारपत्रकावर तिचं खरं नाव आहे. त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली मी अजून ऐकलेली नाही.

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत पूर्वी रुग्णालयाच्या चादरी वाळायच्या, त्यामुळे छताला अजून लोखंडी आकडे होते. खिडकी एकच, तीही मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच. पोरांना बाहेरचं काही दिसायचं नाही म्हणून आत्याने भंगारवाल्याकडून रुग्णालयातलाच एक मोडका बाक परत आणला आणि खिडकीखाली ठेवला. सकाळी साडेसातला पोरं यायची. नर्सबाईंची, सफाई कामगारांची, धुलाईखान्यातल्या बायकांची, पहारेकऱ्यांची. एकूण चौतीस. सगळ्यात लहान दीड वर्षाचं, मोठं पाच वर्षांचं. सांभाळायला आत्या आणि एक मदतनीस. ही मदतनीस अंगाने लहानखुरी आणि आवाजाने दांडगी होती, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही.

आणि चौतीस पोरांना खेळणी? तीन चाकांचा एक लाल ट्रक, दोन बाहुल्या, त्यातल्या एकीला हात नाही, आणि बादलीभर डब्यांची झाकणं.

आता दोन खोल्यांत चौतीस पोरं कोंडली आणि ट्रक एकच असला, की काय होणार? पोरं चावायची. ढकलायची, ओरबाडायची, पण मुख्य म्हणजे चावायची. त्यातली एक अडीच वर्षांची मुलगी तर या कामात इतकी तयार होती, की तिचं नावच चावरी पडलं. तिची आई धुलाईखान्यात कामाला होती. रोज संध्याकाळी ती बिचारी मान खाली घालून विचारायची, "आज किती?"

नगरपालिकेच्या कचेरीचा नियम होता की मुलाला झालेल्या प्रत्येक दुखापतीची नोंद ठेवायची. बाकीच्या पाळणाघरांतल्या सेविका महिन्याला एखादं खरचटणं लिहून मोकळ्या व्हायच्या. आत्याने एक लांबलचक वही घेतली, रकाने आखले आणि नियम अगदी अक्षरशः पाळला. तारीख, कोण, कोणाला, कुठे. शेवटचा रकाना तिने स्वतःच्या मनाने वाढवला: कशावरून. त्या रकान्यात 'ट्रक' हा शब्द इतक्या वेळा यायचा, की पुढे पुढे ती नुसत्या दोन रेघा मारायची. वहीवर तिने ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'चाव्यांची वही'.

आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना वाटलं की किल्ल्यांची यादी असेल. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. सरळ माणूस, पण कमालीचा भित्रा. रस्ता ओलांडतानासुद्धा समोरच्या वाहनाची परवानगी घेतल्यासारखे थांबायचे.

मग एक दिवस टेम्पो आला आणि त्यातून पाच खोकी उतरली.

सगळ्या पाळणाघरांसाठी नवं साहित्य आलं होतं. लाकडी ठोकळे, ओवायचे मोठे मणी, चित्रांचे तुकडे जोडायचे खेळ, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, भिंगं, एक छोटा तराजू, जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तकं. शिवाय सेविकांसाठी एक पुस्तिका, मुलांशी कसं खेळावं, कसं बोलावं, रडणाऱ्याला कसं शांत करावं याची. सोबत एक पोलादी कपाटही आलं. कचेरीतल्या पर्यवेक्षिका मॅडम स्वतः उभ्या राहून यादीवर खुणा करत होत्या. सगळं कपाटात गेलं, पुस्तिकासुद्धा. कुलूप लागलं आणि किल्ली मॅडमनी पर्समध्ये टाकली.

"मॅडम, किल्ली?" आत्याने विचारलं.

"ती कचेरीत राहील. तपासणीच्या दिवशी मी घेऊन येईन."

"आणि मधल्या दिवसांत?"

"मधल्या दिवसांत काही मोडायला नको, हरवायला नको. जबाबदारीचं काम आहे, आत्या."

त्यानंतर तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. एका सभागृहात सव्वीस केंद्रांच्या बायका बसवल्या. एका हसतमुख तरुण प्रशिक्षकाने पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की मूल हाताने शिकतं, हाताळल्याशिवाय त्याला काही कळत नाही. आत्याने हात वर केला.

"सर, पण आमचं सगळं कपाटात आहे. पोरांनी कपाट हाताळायचं का?"

सभागृह खो खो हसलं. प्रशिक्षकही हसला, म्हणाला, "छान प्रश्न," आणि पुढच्या चित्राकडे वळला.

सहा महिन्यांत कपाट दोनदा उघडलं. दोन्ही वेळेला तऱ्हा तीच. सकाळी मॅडम येणार, सतरंजीवर सगळी खेळणी ओळीत मांडणार, पोरं सतरंजीच्या कडेला हाताची घडी घालून बसणार, कचेरीचा माणूस फोटो काढणार. मग यादीवर खुणा, आणि सगळं परत आत. पोरं बिचारी टकामका बघत राहायची. मॅडम गेल्यावर दोन तास त्यांना आवरता आवरता आत्या आणि भोंगा यांच्या नाकी नऊ यायचे. त्या दिवशीच्या पानावर चाव्यांच्या ओळी सगळ्यात जास्त असायच्या.

तिसऱ्या तपासणीला मात्र गडबड झाली. फोटो झाला, मॅडम खेळणी उचलू लागल्या, आणि चावरीने सतरंजीवरून एक पिवळा ठोकळा उचलून मुठीत धरला. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, दे." बाळ देईना. मॅडमनी तिची बोटं एकेक करून उलगडायला सुरुवात केली. तिसरं बोट उलगडताच चावरीने त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

मॅडम किंचाळल्या. ठोकळा कपाटात गेला, कुलूप लागलं. जाता जाता त्यांनी शेऱ्यांच्या पुस्तकात लिहिलं, 'मुलांना शिस्त नाही. सेविकेचे लक्ष नाही.' भोंग्याने घाबरून विचारलं, "आता हो?"

 आत्याने चाव्यांची वही काढली आणि रीतसर नोंद केली. कोण: चावरी. कोणाला: पर्यवेक्षिका. कुठे: उजवं मनगट. कशावरून: ठोकळा, पिवळा.

मी तेव्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. पाचला सुटले की पाळणाघरात जायचं आणि आत्याबरोबर घरी यायचं, असा माझा रिवाज होता. त्या दिवशी पोहोचले तर गल्लीत पंक्चर काढणाऱ्याचं दुकान आहे ना, तिथून आत्या हातोडा घेऊन येत होती. पोरांना न्यायला आलेल्या आया-बाप दारात उभे होते.

"आत्या, हे काय?"

"थांब तू. बाजूला हो."

भोंग्याने तिचा दंड धरला. "अहो, पोरं गेल्यावर तरी करा. कोणी बघेल!"

"बघायलाच हवं," आत्या म्हणाली. "लपून केलं तर ती चोरी. मी चोरी करत नाहीये."

तिने बाह्या वर सारल्या. पहिला घाव कपाटाच्या दारावर बसला आणि मोठा आवाज झाला. दोन बारकी पोरं रडायला लागली, बाकीची टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या घावाला कुलूप वाकलं. तिसऱ्याला कडीच निखळून खाली पडली. 

आत्या पालकांकडे वळली. "कुलूप मी फोडलंय. कचेरीतून कोणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. आम्हाला माहीत नाही असं कोणी म्हणू नका. खोटं बोलायची गरज नाही."

धुलाईखान्यातली ती बाई, चावरीची आई, पुढे आली. दिवसभर उकळत्या पाण्यात चादरी ढवळून तिचे हात लालभडक झालेले असायचे. त्याच हातांनी तिने ठोकळ्यांचं खोकं उचललं आणि सतरंजीवर उपडं केलं. त्या दिवशी कोणीही आपलं पोर घेऊन साडेसहाच्या आत घरी गेलं नाही.

आतोबांना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, नोकरी जाईल! निदान नवं कुलूप आणून लाव. मी आणतो."

"आणा ना," आत्या म्हणाली. "बाहेरच्या दाराला हवंच होतं एक."

दुसऱ्या दिवसापासून पाळणाघराचं रूप पालटलं असं मी म्हणणार नाही. पहिला आठवडा धुमाकूळ होता. पोरांनी मणी नाकात घालायचे प्रयत्न केले, एका पुस्तकाची चार पानं फाटली, तराजूचं एक पारडं हरवलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. आत्याने मोडलेल्या वस्तूंसाठी वेगळं खोकं केलं आणि त्याचीही वही ठेवली. दुपारी पोरं झोपली की ती कपाटातली पुस्तिका वाचायची, बोट ठेवून, ओळ न् ओळ. मधूनच भोंग्याला हाक मारायची. "ऐक गं, इथे लिहिलंय, चावणाऱ्या मुलाला रागवण्याआधी त्याला काय हवं होतं ते त्याच्या वतीने बोलून दाखवा." भोंगा म्हणायची, "मग मॅडमच्या वेळेला कोणी बोलून दाखवलं असतं?" आणि दोघी तोंड दाबून हसायच्या, पोरं उठतील म्हणून.

मग शनिवार सुरू झाले. प्रशिक्षणात आत्याच्या बाजूला बसलेल्या एका सेविकेला ही बातमी कळली. ती आधी नुसती बघायला आली. पुढच्या शनिवारी तीन आल्या, त्यानंतर नऊ. पाळणाघर दुपारी बंद झाल्यावर या बायका लहान मुलांसारख्या सतरंजीवर बसायच्या आणि बाहुल्या हातात घालून बोलून बघायच्या. आधी लाजायच्या, मग अशा काही रंगायच्या, की भोंग्याला त्यांना घरी हाकलावं लागायचं. पुस्तिकेच्या प्रती मी काढून आणल्या. कोणाचं कपाट अजून कुलपातच होतं, तिच्यासाठी आत्या एक खोकं भरून द्यायची. "पंधरा दिवस वापर, मग दुसरीला दे. मोडलं तर मोडलं, पण वापरलं नाहीस तर मी बोलणार."

एकीने विचारलं, "आत्या, आमचंही कुलूप फोडून द्याल का?"

"मी का? हातोडा पंक्चरवाल्याकडे मिळतो."

दोन महिन्यांनी नोटीस आली. 'शासकीय मालमत्तेचे नुकसान, वरिष्ठांच्या आदेशाचा भंग, अनधिकृत बैठका.' चौकशीला सोबत एक माणूस नेता येत होता. आतोबा भित्रे, तरी ते म्हणाले, "मी येतो." आत्याने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आलात तर मला तुम्हालाच सांभाळावं लागेल. भाचीला नेते."

कचेरीत लांब टेबलापलीकडे साहेब, एक कारकून आणि मॅडम बसले होते. मॅडमच्या मनगटावर आता काही खूण नव्हती, पण त्या तिथे सारखा हात फिरवत होत्या. कारकुनाने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माफीनामा होता. खाली सहीची जागा.

"एवढी सही करा," साहेब म्हणाले. "प्रकरण इथेच मिटेल. तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे, आम्हालाही वाईट वाटतं."

आत्याने कागद पूर्ण वाचला. "यात लिहिलंय की माझी चूक झाली. कुठली ते नाही लिहिलं."

"कुलूप फोडलंत ना?"

"फोडलं. ती चूक नाही."

मॅडम उसळल्या. "सव्वीस केंद्रांच्या साहित्यावर माझी सही आहे, कळतंय का तुम्हाला? एक वस्तू कमी भरली तर उत्तर मला द्यावं लागतं!"

ते मात्र खरं होतं. मला वाटलं आत्या आता नरमेल. तिचा आवाज खाली आला, पण ती मागे हटली नाही. "कळतं, मॅडम. तुम्हाला वस्तूंचं उत्तर द्यावं लागतं. मला चौतीस आयांना पोरांचं द्यावं लागतं, रोज संध्याकाळी, दारात उभं राहून."

मग तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी वरचं नाव वाचलं आणि भुवया उंचावल्या. "चाव्यांची वही? चावी तर तुमच्याकडे नव्हतीच म्हणता."

"ती किल्ल्यांची नाही, साहेब. दातांची."

कारकुनाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडपलं. साहेब पानं उलटू लागले. आधी गंमत म्हणून, मग चष्मा लावून. कुलूप फोडण्याआधीच्या महिन्यात सत्तेचाळीस चावे होते. फोडल्यानंतरच्या महिन्यात एकवीस, त्याच्या पुढच्या महिन्यात नऊ. शेवटच्या पानावर चावरीचं नाव एकदाच होतं. साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग पुन्हा वहीकडे. मी समजले, ते 'उजवं मनगट' वाचत होते.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"तुमचाच नियम आहे, प्रत्येक दुखापत लिहायची. आणि ही पुस्तिका पण तुमचीच." तिने खूण घातलेलं पान उघडलं. "पान चार. साहित्य मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर, उघडं ठेवावं. हे वाक्य तुम्ही छापलंत आणि कुलपात ठेवलंत. मी ते बाहेर काढून वाचलं, एवढंच."

साहेबांनी ते पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण शिस्त म्हणून काही असते. तुम्ही सही केलीत तर मला मार्ग काढता येईल."

आत्याने पेन घेतलं. माझा जीव भांड्यात पडला, की करतेय बाई सही! पण तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'कपाटाचे कुलूप मी फोडले. पुन्हा लावल्यास पुन्हा फोडीन.' खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद कारकुनाकडे सरकवला. "याची पोच द्या."

कारकुनाने मुकाट्याने शिक्का मारून दिला.

नोकरी गेली नाही. आत्याला वाटतं की त्या वहीमुळे, मला वाटतं पालकांमुळे. कारण चौकशीच्या दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यातल्या बायका, नर्सबाई, पहारेकरी असे अठ्ठावीस जण कचेरीत जाऊन कुलूप आमच्यासमोर आणि आमच्या संमतीने फोडलं असं लिहून देऊन आले. पण शिक्षा झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर बदली, दोन बस बदलून सव्वा तास. पालक म्हणाले, आपण ही बदली रद्द करून घेऊ. आत्याने त्यांना थांबवलं. "माझ्यासाठी भांडू नका. कपाट उघडं राहील याच्यासाठी भांडा. इथे नवी येणारी पोरगी घाबरलेली असेल, तिच्या पाठीशी उभे राहा."

तेवढं त्यांनी केलं. चावरीची आई आठवडाभर रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन कपाटाजवळ बसायची, हातातला डबा खात. नव्या सेविकेला काही बोलायची नाही, नुसती बसायची.

पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात साहित्य कुलूपबंद ठेवण्याचं वाक्य नव्हतं. का वगळलं याचं कारणही नव्हतं, आणि आत्याचं नाव तर नव्हतंच. मी ते तिला वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं की ती खूश होईल. ती म्हणाली, "काढलंय ना? मग आता मणी संपलेत, ते कधी पाठवणार ते विचार."

एकदा मी तिला विचारलं, इतका लांबचा प्रवास, उतारवयातली ही दगदग, पस्तावा होतो का?

"होतो की," ती म्हणाली. "सहा महिने मी हातावर हात ठेवून बसले. तेवढ्या दिवसांत चार पोरं शाळेत निघून गेली. त्यांना एक ठोकळासुद्धा हाती लागला नाही."

शनिवारच्या बैठका बंद करण्याचा लेखी आदेश निघाला होता, तो अजूनही मागे घेतलेला नाही. पाळणाघराच्या जागेत बैठक घ्यायची नाही असं त्यात म्हटलं होतं, म्हणून आता ती आतोबा काम करतात त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भरते. शनिवारी दुपारी डॉक्टर नसतात. तिथली किल्ली आतोबांकडे असते. त्यांनी स्वतःच डॉक्टरांकडे विषय काढला, स्वतःच परवानगी आणली, आणि त्या दिवशी घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायले. अजूनही बैठक सुरू झाली की ते पाच-पाच मिनिटांनी रस्त्यावर डोकावून येतात.

गेल्या शनिवारी तिथे सतरा जणी होत्या. दोघी तर नोकरीवरच्या नव्हेत, घरी शेजारपाजारची पोरं सांभाळणाऱ्या. त्यातल्या एकीचा प्रश्न होता की एक दोन वर्षांचा मुलगा सगळे रंग खातो, त्याला काय करू? एक म्हणाली, रंगच देऊ नका. दुसरी म्हणाली, कपाटात ठेवा.

खोलीत एकदम हशा पिकला. आत्या हसली नाही. चष्मा डोक्यावर सरकवून ती त्या बाईकडे वळली. "कपाट नाही म्हणजे नाही. आधी मला सांग, तो कुठला रंग जास्त खातो?"

"निळा."

"बरं. आणि सकाळी येतो तेव्हा पोटात काही असतं का त्याच्या?"

ती बाई विचारात पडली. बाजूच्या दोघींनी वह्या उघडल्या.